आधी झाकण, मग हीटर!

दरवर्षी आपल्या मासिकाच्या मराठी विभागात काय काय असतं ते एकदा आठवा. पावसावरच्या तीन कविता, 'मैत्री म्हणजे काय?' असा एक हळवा लेख, मेसच्या जेवणावर एक विनोदी लेख आणि 'आजचा तरुण कुठे चाललाय?' असा एक गंभीर लेख. (आजचा तरुण सबमिशनला चाललाय, हे सगळ्यांना माहीत असूनही!) या पंगतीत 'बंगल्यातला स्विमिंग पूल गरम कसा करावा' हा विषय घेऊन कोणी बसलं, तर तुम्ही पान उलटणार हे मी धरूनच चालले आहे. "आमच्या हॉस्टेलला गरम पाणी सकाळी सहा ते सात, तेही नशिबात असेल तर, आणि ही बाई पूल तापवायला निघाली!" असंच म्हणालात ना?

म्हणा. पण पाच मिनिटं द्या. या लेखात पूल आहे, हीटर आहे, थोडं गणितही आहे; माझं भांडण मात्र आपल्याच लोकांशी आहे. आपण इंजिनीअर गिऱ्हाइकाला काय सांगतो, आणि काय सांगत नाही, याबद्दल मला बोलायचंय.

गेल्या डिसेंबरात परीक्षा संपल्यावर मी तीन आठवडे एका लहानशा कंपनीत ट्रेनिंग केलं. ही कंपनी पूलचे पंप, फिल्टर आणि हीटर बसवते. गिऱ्हाइकं म्हणजे लोणावळा, तळेगाव, कर्जत, अलिबाग या बाजूला बंगले बांधलेली माणसं. काहींचे बंगले शनिवार-रविवारी भाड्याने जातात, त्यांना जाहिरातीत 'गरम पाण्याचा पूल' असं लिहायचं असतं. काही जण निवृत्त होऊन तिथेच राहायला गेलेले. साहेबांबरोबर साइटवर जायचं, टेप धरायची, मापं लिहायची आणि संध्याकाळी कोटेशन टाइप करायचं, हे माझं काम. (पहिले दोन दिवस चहा सांगण्याचं कामही माझ्याकडे आलं होतं. तिसऱ्या दिवशी ते मी सन्मानाने परत केलं. तो वेगळ्या लेखाचा विषय!)

तीन आठवड्यांत एक गोष्ट लक्षात आली. बंगला कोणाचाही असो, प्रश्न तेच. किती किलोवॉटचा हीटर लागेल? पाणी किती वेळात तापेल? बिल किती येईल? गॅस चांगला, वीज चांगली की सोलर? मंडळी अगदी मन लावून विचारतात. आणि ज्या प्रश्नावर बाकी सगळी उत्तरं अवलंबून आहेत तो प्रश्न मात्र एकानेही विचारला नाही. त्या प्रश्नाकडे मी येणारच आहे, पण आधी लोकांच्या प्रश्नांची उत्तरं देऊ, नाहीतर तुम्ही म्हणाल हिला तीच येत नाहीत!

किती उष्णता लागते?

घराच्या अंगणातला एक लहान पूल घेऊ. सहा मीटर लांब, तीन मीटर रुंद, सरासरी खोली १.२ मीटर. म्हणजे २१.६ घनमीटर, म्हणजेच २१,६०० लिटर पाणी. आपल्या घरातला २५ लिटरचा गिझर ८६४ वेळा भरेल एवढं!

आता एक आकडा पाठ करून टाका: हजार लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला १.१६ युनिट उष्णता लागते. (युनिट म्हणजे किलोवॉट-अवर, आपल्या मीटरवरचं.) यात काही जादू नाही. एक लिटरला एक अंशासाठी एक किलोकॅलरी, आणि एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी, एवढंच. हिवाळ्यात पूलचं पाणी २२ अंशांवर आहे आणि आपल्याला ३० हवं आहे असं समजा. आठ अंश वाढवायला सुमारे २०० युनिट उष्णता लागेल.

ही उष्णता कुठून आणायची यावर सगळी भांडणं चालतात. साध्या कॉइलच्या हीटरने आणली तर २०० युनिटला २०० युनिट वीज जाते. उधारी नाही, सूटही नाही. गॅस हीटरने आणली तर १९ किलोचा एक व्यावसायिक सिलिंडर जवळपास संपतो. गॅसचा फायदा असा की तो झटपट तापवतो आणि बाहेर कितीही थंडी असली तरी त्याला फरक पडत नाही.

हीट पंप सगळ्यात हुशार. (मराठीत त्याला काय म्हणतात ते मला विचारू नका, विकणारेही हीट पंपच म्हणतात.) तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतून उचलून पाण्यात आणून टाकतो. घरातल्या फ्रिजच्या मागे किंवा बाजूला हात लावून बघा, गरम लागतं ना? आतल्या भाजीची उष्णता तिथे बाहेर पडत असते. हीट पंप हेच काम हवेकडून पाण्याकडे करतो. म्हणून एक युनिट वीज खाऊन तो तीन ते सात युनिट उष्णता देतो. या आकड्याला सीओपी म्हणतात आणि तो ओरलला हमखास विचारतात. साडेचार धरला तर आपल्या २०० युनिट उष्णतेला ४५ युनिट वीज पुरते.

इथे आपल्या हवेचा एक मोठा फायदा आहे, आणि तो कोणी सांगत नाही. हवा १० अंशांच्या खाली गेली की हीट पंपचा दम कमी होतो. पुण्याकडे जानेवारीत पहाटे पारा दहा-बारावर जातो खरा, पण दुपारी तो तिसाच्या आसपास असतो. मग हीट पंप रात्री कशाला चालवायचा? दुपारी चालवा. हवा गरम, सीओपी चांगला, आणि छपरावर सौर पॅनेल असतील तर वीजही घरचीच!

सोलरचं म्हणाल, तर पूलसाठी आपल्या गच्चीवरची काचेची, साठ अंशांचं पाणी देणारी यंत्रणा लागतच नाही. काळ्या रबराच्या किंवा प्लॅस्टिकच्या नळ्यांच्या चटया मिळतात, त्यांतून पूलचं पाणी फिरवायचं. आपल्याला हवंय जेमतेम तीस अंश, म्हणजे दुपारच्या हवेइतकंच. त्यामुळे चटईतून बाहेर वाया जाणारी उष्णता कमी आणि काचेचा खर्च नाही. फक्त जागा लागते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा ठोकताळा असा आहे की पूलच्या पृष्ठभागाच्या ५० ते १०० टक्के एवढं क्षेत्र चटयांना हवं. आपल्या १८ चौरस मीटरच्या पूलला ९ ते १८ चौरस मीटर गच्ची. एका खोलीएवढी.

आणि हो, एका बंगल्यावर मला खरोखर विचारलं गेलं, "बादलीत टाकतो तसे चार-पाच इमर्शन रॉड टाकले तर?" हात जोडून सांगते, अजिबात नको! ज्या पाण्यात माणसं उतरणार त्यात उघडी वीज सोडणं म्हणजे जिवाशी खेळ. पूलजवळचं प्रत्येक विजेचं उपकरण बाहेर असलं पाहिजे, अर्थिंग नीट असलं पाहिजे, आणि गळती झाल्यास लाइन तोडणारा ब्रेकर असलाच पाहिजे. यात तडजोड नाही.

न विचारलेला प्रश्न

आता मुद्द्यावर येते. वरचं गणित नीट बघा. हीट पंपने पाणी एकदा तापवायला ४५ युनिट, म्हणजे युनिटला दहा रुपये धरले तरी साडेचारशे रुपये. यात कोणाचं दिवाळं निघत नाही. मग पूल तापवणाऱ्यांची बिलं एवढी का येतात? कारण तापवलेलं पाणी तापलेलं राहत नाही. म्हणून खरा प्रश्न हा आहे: घातलेली उष्णता जाते कुठे?

बहुतेकांना वाटतं जमिनीत जाते, भिंतींतून जाते. जाते थोडी. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या आकडेवारीप्रमाणे उघड्यावरच्या पूलची सुमारे ७० टक्के उष्णता एकाच वाटेने जाते, बाष्पीभवनाने. वरच्या वर, वाफ होऊन, आपल्या डोळ्यांदेखत. आणि आपल्याला दिसत नाही!

खरं तर हे आपल्याइतकं कोणाला कळायला हवं? चहा फार गरम असला की आजोबा तो बशीत ओततात. का? पृष्ठभाग वाढतो, वाफ भराभर जाते, चहा निवतो. वर फुंकर मारली की आणखी लवकर निवतो. उन्हाळ्यात आपण माठ भरतो. माठाच्या छिद्रांतून पाझरलेलं थोडंसं पाणी वाफ होऊन जातं आणि जाताना आतल्या सगळ्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. स्विमिंग पूल म्हणजे अंगणात ठेवलेली एक प्रचंड बशी आहे, आणि तिच्यावर फुंकर मारायला रात्रभर वारा आहे. माठातलं पाणी गार राहावं म्हणून जे आपण करतो, नेमकं तेच पूलला करून वर आपण त्यात हीटर लावतो.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. 'लेटंट हीट'ची व्याख्या आम्हाला सिस्टरने एवढी घोटवून घेतली होती की झोपेतही म्हणता यायची. पण त्या शब्दाची खरी ओळख शेजारच्या मराठी शाळेतल्या मुलाला शिकवताना झाली. त्याच्या पुस्तकात लिहिलं होतं, 'अप्रकट उष्मा'. अप्रकट! म्हणजे जी असते पण दिसत नाही ती. थर्मामीटरवरही नाही. १७६०च्या दशकात ग्लासगोला जोसेफ ब्लॅक यांनी ही लपलेली उष्णता मोजली, तेव्हापासून ती पुस्तकात आहे. पण बंगलेवाल्यांच्या कोटेशनमध्ये मात्र ती अजून अप्रकटच आहे.

ही अप्रकट बाई किती महाग आहे ते बघा. तीस अंशांचं एक लिटर पाणी वाफ होऊन गेलं की ते सुमारे ५८० किलोकॅलरी घेऊन जातं. म्हणजे उडालेला एक लिटर मागे राहिलेलं ५८० लिटर पाणी एक अंशाने गार करतो! आपल्या पूलची पातळी बाष्पीभवनाने एक मिलिमीटर उतरली, म्हणजे १८ लिटर पाणी गेलं, आणि त्याबरोबर १२ युनिट उष्णता गेली. एक मिलिमीटर, बारा युनिट. हा दुसरा आकडा पाठ करायचा.

तळेगावचे काका-काकू

हे सगळं मी पुस्तकातून सांगत असते तर लेख लिहिला नसता. ट्रेनिंगच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तळेगावला एका तक्रारीवर गेलो. काका बँकेतून निवृत्त झालेले, काकूंना गुडघ्यांचा संधिवात. जमिनीवर चालताना त्रास होतो, पण पाण्यात वजन पेलावं लागत नाही म्हणून फिजिओथेरपिस्टने पाण्यात चालायला सांगितलं, आणि पाणी तीस अंशांच्या आसपास ठेवा म्हणून सांगितलं. काकांनी फंडाच्या पैशातून अंगणात एक छोटा पूल बांधला. वर मी धरलेली मापं त्याच पूलची. आदल्या हिवाळ्यात त्यांनी आमच्या कंपनीकडून हीट पंप घेतला. पहिलं पूर्ण महिन्याचं बिल आलं आणि काकांनी तो बंद केला. आपल्याकडे घरगुती विजेचे दर टप्प्याटप्प्याने चढतात, त्यामुळे पूलचे युनिट घरच्या युनिटवर चढून थेट महागड्या टप्प्यात गेले होते. त्या हिवाळ्यात काकू पुन्हा पाण्यात उतरल्या नाहीत. यंदा काकांनी धीर करून पुन्हा चालू केला, पुन्हा तसंच बिल. म्हणून तक्रार, "मशीन बिघडलंय."

आमच्या माणसाने मशीन तपासलं. ठणठणीत होतं. साहेब म्हणाले, "काका, पूल म्हटलं की बिल येणारच." ते गाडीकडे गेले. मी काकांना विचारलं, "पूलमध्ये पाणी कितीदा भरता?"

"रोज थोडं सोडतो की. पाणी उडतं गं, ते माहितीये मला. पण त्याचा बिलाशी काय संबंध?"

हे वाक्य माझ्या डोक्यातून तीन महिने जात नाहीये. माणूस हुशार, हिशेबात आयुष्य गेलेलं. पाणी उडतंय हे त्यांना दिसत होतं, बिल वाढतंय हेही दिसत होतं. मधली कडी सांगायचं काम ज्यांचं, त्यांनी ती सांगितली नव्हती.

मी त्यांना एक साधा प्रयोग सांगितला. बादलीत पूलचंच पाणी भरून ती पूलच्या पायरीवर अशी ठेवायची की आतली आणि बाहेरची पातळी सारखी राहील. दोन्हीकडे खूण करायची, नळ सोडायचा नाही, पाण्यात उतरायचं नाही आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी मोजायचं. पूल बादलीपेक्षा जास्त उतरला तर कुठेतरी गळती आहे. दोन्ही सारखे उतरले तर ते बाष्पीभवन. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काकांचा फोन आला. दोन्हीकडे आठ मिलिमीटर.

करा हिशेब. आठ मिलिमीटर म्हणजे १४४ लिटर पाणी आणि ९७ युनिट उष्णता, रोज. ऊन आणि हीटर नसता तर नुसत्या बाष्पीभवनाने पाणी दिवसाला जवळजवळ चार अंश उतरलं असतं. यातला काही भाग दिवसा ऊन भरून देतं, उरलेला मीटर भरून देतं. आणि गंमत म्हणजे इथे कोणी तीन किलोवॉटचा साधा हीटर लावला असता तर? तो दिवसरात्र चालून ७२ युनिट देतो. ९७ जातायत आणि ७२ येतायत! नुसत्या त्या हीटरच्या जोरावर पाणी तीस अंशांवर कधीच टिकलं नसतं. म्हणूनच 'किती किलोवॉट?' या प्रश्नाला 'झाकण आहे का?' हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

झाकण!

उपाय काय, हे कोणतीही आजी सांगेल. पातेल्यावर झाकण ठेव. वाड्यातल्या तांब्याच्या बंबालासुद्धा झाकण असायचं. पूलसाठी निळं, फुगे-फुगे असलेलं प्लॅस्टिकचं बबल कव्हर मिळतं, फुग्यांची बाजू खाली करून पाण्यावर पसरायचं. बाष्पीभवन होतं ते हवेला भिडलेल्या पाण्यातून. पाणी झाकलं की तो मार्ग जवळपास बंद. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे आकडे सांगते: कव्हरने तापवण्याचा खर्च ५० ते ७० टक्के कमी होऊ शकतो, भर घालायचं पाणी ३० ते ५० टक्के वाचतं, रसायनंही कमी लागतात. कव्हरची किंमत हीट पंपच्या मानाने किरकोळ.

कॅलिफोर्नियात तर बंगल्याबंगल्याला पूल. त्या राज्याने हा विषय घरमालकाच्या मर्जीवर सोडलेला नाही. तिथल्या इमारतींच्या ऊर्जा नियमांप्रमाणे, ज्यांना 'टायटल २४' म्हणतात, उघड्यावरच्या पूलला गॅस हीटर किंवा हीट पंप बसवायचा तर कव्हर सक्तीचं आहे. ज्यांच्याकडे पैसा आहे आणि ऊनही आहे त्यांनी असा नियम करावा, यातच सगळं आलं.

मग आपल्याकडे कोटेशनमध्ये कव्हर का नसतं? मी साहेबांना विचारलं. उत्तर प्रामाणिक होतं. "अगं, कव्हर घातलं की कोटेशनचा आकडा वाढतो, गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जातं. आणि कव्हर असेल तर एवढं मोठं मशीन लागत नाही, मग आपण काय विकायचं?" साहेब वाईट माणूस नाही. बाजार असा आहे की दोन कोटेशनं समोर ठेवली तर लोक हीटरची किंमत बघतात. पुढची दहा वर्षं येणारी बिलं कोटेशनच्या कागदावर नसतात. पण म्हणूनच तर ती लिहायला इंजिनीअर लागतो ना? नुसती किंमत टाइप करायला मी कशाला हवी?

पण... पण... पण

आता आक्षेप. हे मी साइटवर, घरी आणि कँटीनमध्ये ऐकलेले आहेत.

"कव्हर काढा-घालायचा कंटाळा येतो." खरं आहे, ओलं कव्हर जड लागतं. एका टोकाला रोलर लावला तर दोन माणसांचं पाच मिनिटांचं काम. तेही नको असेल तर निदान रात्री तरी घाला, कारण रात्री ऊन नसतं आणि हवा गार असते.

"कव्हर असलं की मुलं सुरक्षित." इथे मात्र थांबा! हा गैरसमज जीवघेणा आहे. बबल कव्हर माणसाचं वजन पेलत नाही. उलट लहान मूल त्यावर पडलं तर ते खाली गुंडाळलं जाऊन वरून दिसतही नाही. कव्हर उष्णतेसाठी, मुलांसाठी कुंपण आणि कुलूप लावलेलं फाटक. आणि पोहताना कव्हर पूर्ण काढायचं, अर्धं गुंडाळून कधीच नाही.

"आम्ही फक्त शनिवार-रविवारी जातो. मध्ये बंद केलं तर पुन्हा तापवायला जास्त वीज लागते, म्हणून चालूच ठेवतो." हे मी सगळ्यात जास्त वेळा ऐकलं, आणि हे चुकीचं आहे. पाणी जितकं गरम, तितकी उष्णता भराभर जाते. चार दिवस पाणी गार राहिलं तर त्या चार दिवसांत कमी उष्णता गेली, तेवढी बचत. झाकून बंद ठेवा, शुक्रवारी दुपारी चालू करा.

"पाणी बत्तीस-तेहतीस तरी पाहिजे." कशाला? जलतरण स्पर्धांच्या नियमांत पाणी २५ ते २८ अंश असतं. हातपाय मारणाऱ्याला तेवढं पुरतं. काकूंसारखं सावकाश चालणाऱ्याला जास्त लागतं, ते वेगळं. पण फॅरनहाइटच्या एकेका अंशाने खर्च १० ते ३० टक्के वाढू शकतो असं तेच ऊर्जा खातं सांगतं. तेव्हा नॉब फिरवण्याआधी विचार करा.

आणि शेवटचा, सगळ्यात जड आक्षेप. माझ्या रूममेटचा. ती मराठवाड्यातली, उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत उभं राहिलेली. ती म्हणाली, "लोकांना प्यायला पाणी नाही आणि तू पूल तापवायच्या युक्त्या सांगतेस?" याला माझ्याकडे टाळीचं उत्तर नाही. खाजगी पूल ही चैन आहेच, आणि पाण्याच्या वाटपाचा प्रश्न कव्हरने सुटत नाही. पण पूल बांधून झालेत, ते आहेत. काकांच्या पूलमधून रोज १४४ लिटर, म्हणजे महिन्याला सव्वाचार हजार लिटरहून जास्त पाणी हवेत जात होतं. ते झाकून वाचत असेल, तर ज्याला पूलचा राग आहे त्याने तर कव्हरचा आग्रह आधी धरायला हवा!

डेटा कोण देणार?

आपल्या प्रत्येक पेपरवर एक ओळ असते: 'अझ्यूम सुटेबल डेटा इफ नेसेसरी'. आपण चार वर्षं त्या ओळीवर जगतो. गणितात सगळं दिलेलं असतं, पाण्याचं वस्तुमान दिलेलं, सुरुवातीचं तापमान दिलेलं, आणि 'उष्णतेचा ऱ्हास नगण्य माना' असंही दिलेलं. मग बाहेर पडल्यावर आपण तसेच वागतो. गिऱ्हाईक विचारतं "किती किलोवॉट?", आपण ऱ्हास नगण्य मानून किंवा मशीनच दीडपट मोठं करून उत्तर देतो आणि मार्क घेऊन मोकळे होतो.

पण गिऱ्हाईक म्हणजे प्रश्नपत्रिका नव्हे. काय विचारायचं हेच त्याला माहीत नसतं, म्हणून तर ते आपल्याकडे येतं. त्याने न विचारलेला प्रश्न आपण विचारायचा, हा मला वाटतं आपल्या डिग्रीतला अर्धा भाग आहे. पूलच्या बाबतीत ते प्रश्न मोजून चार आहेत. पाणी किती गरम हवं? रोज हवं की आठवड्यातून दोन दिवस? वारा आणि ऊन कुठून येतं? आणि झाकण आहे का? मग कोटेशनमध्ये दोन ओळी लिहायच्या: झाकणाशिवाय एवढं मशीन आणि महिन्याला अंदाजे एवढे युनिट, झाकणासह एवढं मशीन आणि एवढे युनिट. निवड गिऱ्हाइकाची. पण ती त्याला करू तर द्या!

तळेगावच्या काकांनी जानेवारीत कव्हर घेतलं. आता हीट पंप दुपारी दोन-तीन तास चालतो आणि काकू आठवड्यातून चार दिवस पाण्यात चालतात, असं त्यांनी मला मुद्दाम फोन करून सांगितलं. ऐकून बरं वाटलं, पण रागही आला. दुखऱ्या गुडघ्यांनी घरात बसून काढलेला त्यांचा आदला अख्खा हिवाळा एका वाक्याने वाचला असता, आणि ते वाक्य आमच्या ऑफिसमधल्या प्रत्येकाला माहीत होतं.

सिव्हिलवाले छताबद्दल, इलेक्ट्रिकलवाले वायरिंगबद्दल, कॉम्प्युटरवाले त्यांच्या सॉफ्टवेअरबद्दल हेच म्हणू शकतील. तुमच्या तुमच्या धंद्यातलं 'झाकण' कुठलं, ते शोधा आणि गिऱ्हाइकाने विचारायची वाट न बघता सांगा.

आणि मित्रांनो, हे सगळं पटलं नसेल तर उद्या मेसमध्ये दोन चहा घ्या. एक बशीत ओता, दुसऱ्या कपावर झाकण ठेवा. पाच मिनिटांनी दोन्ही पिऊन बघा आणि मग खुशाल माझ्याशी भांडायला या!

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)